दाराशी बसलेला मुका राखणदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला चार गोड शब्द बोलावेत, जुन्या आठवणी काढाव्यात, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो चोरांचा आणि कॅमेऱ्याचा. "तुमच्या खिडकीत ते यंत्र बसवले आहे ना, त्याविषयी सांगा. बऱ्याच जणी लावायचे म्हणतात," असे त्या म्हणाल्या. मी काही इंजिनियर नव्हे. जन्मभर शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली, एवढीच माझी विद्या. तेव्हा जे स्वतः केले, ज्यात चुकले आणि ज्यातून शिकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. घरात तो आता येत असला तरी रानात आपण त्याला केव्हाच पाहिला आहे. २०१६ ते २०१८ ही वर्षे पांढरकवडा आणि राळेगावच्या बायका विसरणार नाहीत. टी-१ वाघिणीच्या, म्हणजे जिला लोक अवनी म्हणत तिच्या, दहशतीने पऱ्हाटीत एकटीने जाण्याची सोय उरली नव्हती. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. तिच्या मागावर वनखात्याने झाडांच्या बुंध्यांना कॅमेरे बांधले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. ते योग्य झाले की अयोग्य, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते झाडाला बांधलेल्या त्या डबीविषयी.

त्या डबीत माणूस नसतो, तारही नसते. समोरून ऊन अंगाचा प्राणी गेला की उष्णतेतला फरक तिला कळतो आणि ती चित्र टिपते. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, कारण एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. आपले टिपेश्वर अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरच्या आत-बाहेरचे, पण तेथलेही वाघ असेच मोजले जातात. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ चित्रे टिपली आणि त्यांत वाघांची चित्रे होती ७६,६५१. म्हणजे साडेचारशे चित्रे पाहावीत तेव्हा एकात वाघ. हा आकडा ध्यानात ठेवा. यंत्र टिपते पुष्कळ. त्यातले कामाचे कोणते, ते निवडायचे काम शेवटी आपले असते.

आता घरी येऊ. आमच्याकडे दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस येऊन पडतो. भाव चढेल या आशेने तो दोन-दोन महिने घरातच असतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. गेल्या हंगामात आळीत एका घरचे कुलूप तुटले आणि माझी झोप उडाली. मुलगा पुण्याला नोकरीस. तो म्हणाला, "आई, महिन्याचे भाडे भरून दुसऱ्यांच्या यंत्रावर चित्रे कशाला ठेवतेस? आपल्या घरच्या पेटीतच ठेवू."

ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगते. जाडजूड शब्दकोशाएवढा एक डबा, त्यात दोन हार्ड डिस्क. तो घरच्या वायफायच्या राऊटरला तारेने जोडलेला असतो. घरातला कोणताही संगणक किंवा मोबाईल त्यात फोटो ठेवू शकतो आणि त्यातून काढू शकतो. याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. आपण घरची कोठी म्हणू. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही उमटते, त्यामुळे एक बिघडली तरी चित्रे जात नाहीत. पण दोन्ही डिस्का एकाच डब्यात असतात. चोराने डबाच उचलला तर दोन्ही गेल्या. म्हणून पेटी दर्शनी दिवाणखान्यात ठेवू नये. आतल्या खोलीत, उंच फळीवर, वारा लागेल अशी ठेवावी. आणि आपल्या भागापुरती एक विशेष सूचना: कापसाच्या खोलीत पेटी किंवा तिचा तापणारा अडॅप्टर मुळीच ठेवू नये. चोराने नेला तर थोडा कापूस जाईल. ठिणगी पडली तर घर जाईल.

कॅमेरा मी नवा घेतला नाही. २०२० साली टाळेबंदीत नातवंडांच्या शाळेसाठी घेतलेला वेबकॅम कपाटात पडून होता, तोच काढला. येथे पहिली अडचण आली. असा यूएसबीचा कॅमेरा प्रत्येक पेटी ओळखत नाही. बऱ्याच पेट्यांचा स्वतःचा पहाऱ्याचा कार्यक्रम असतो, पण त्याला वायफायचा किंवा नेटवर्कच्या तारेचा कॅमेरा लागतो. आमच्या पेटीवर मुलाने 'मोशन' नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम बसवला, तेव्हा जुना वेबकॅम चालू लागला. दुसरी अडचण तारेची. साधी यूएसबी तार पाच मीटरपलीकडे नीट चालत नाही. नेटवर्कची तार मात्र शंभर मीटरपर्यंत जाते. तेव्हा पेटी कोठे आणि कॅमेरा कोठे, हे आधी फुटपट्टीने मोजावे, मगच खिळे ठोकावेत. तिसरी अडचण रात्रीची. वेबकॅमला अंधारात दिसत नाही. अंगणात लहानसा दिवा रात्रभर ठेवावा लागतो, नाहीतर अंधारात पाहणारा बाहेरचा कॅमेरा घ्यावा. पण तो खिडकीच्या काचेआड लावू नये. त्याचाच न दिसणारा प्रकाश काचेवर आपटून परत येतो आणि चित्रात पांढऱ्या धुक्याखेरीज काही उमटत नाही.

आता यंत्राला हालचाल कळते कशी? येथे माझी शाळा कामी आली. रानातली डबी ऊब ओळखते. घरचा हा कॅमेरा वजाबाकी करतो. तो एकामागून एक चित्रे घेतो आणि नव्या चित्रातून जुने वजा करतो. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके धरले तर एका चित्रात ३,०७,२०० ठिपके होतात. काही हलले नाही तर वजाबाकी जवळजवळ शून्य येते. मांजर गेले तर काही शे ठिपके बदलतात, माणूस आला तर काही हजार. किती ठिपके बदलले म्हणजे हालचाल समजायची, हा आकडा आपण ठरवायचा. 'मोशन'मध्ये तो मुळात १,५०० असतो, म्हणजे अशा चित्राच्या शेकडा अर्धा भाग. या आकड्याला थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे आपला उंबरठाच! उंबरठा फार खाली ठेवला तर उंदीरही आत येतो. फार उंच केला तर पाहुणाही बाहेर राहतो.

पहिल्या रात्री माझ्या मोबाईलवर दोनशेच्या वर सूचना आल्या. छातीत धडधडत एकेक उघडून पाहिले. चोर कोठेच नव्हता. अंगणातला कडुनिंब हलत होता. दिव्याभोवती किडे फिरत होते. पहाटे तर कॅमेऱ्याच्या भिंगावरून एक पाल इतक्या डौलाने गेली की तिची चित्रफीत पूर्ण अर्ध्या मिनिटाची निघाली. सूर्य ढगाआड गेला तरी सारे अंगण एकदम बदलले असे यंत्राला वाटे. मग दुसऱ्या दिवशी उंबरठा थोडा चढवला. एका चित्रापुरता बदल झाला तर सोडून द्यावा, सलग चार-पाच चित्रांत झाला तरच दखल घ्यावी, असे ठरवले. निंबाच्या फांदीचा भाग वजाबाकीतून वगळला. चौथ्या दिवशी सूचना दिवसाला दहा-बारांवर आल्या. तेव्हा सांगते, पहिला आठवडा यंत्राच्या शिकवणीचा धरावा. कंटाळून सूचना बंद करून टाकल्या तर कॅमेरा असून नसल्यासारखा.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. हालचाल कळली त्याच्या आधीचे काही क्षणही यंत्राला जपून ठेवायला सांगता येते. तसे केले नाही तर दार उघडून माणूस पुढे गेल्यावर नुसती पाठ दिसते. दुसरे, पेटीचे घड्याळ बरोबर लावावे. उद्या पोलिसांना चित्र दाखवायचे झाले तर वेळ चुकीची असलेल्या चित्राचे मोल कमी होते.

जागा किती लागते, याचाही हिशेब करून पाहा. सेकंदाला एक मेगाबिट या हिशेबाने अखंड चित्रण केले तर तासाला ४५० मेगाबाईट, दिवसाला १०.८ गिगाबाईट, आणि तीस दिवसांत ३२४ गिगाबाईट होते. हालचालीपुरतेच टिपले आणि ती दिवसाकाठी एक तास धरली तर महिन्याला साडेतेरा गिगाबाईट. केवढा फरक! शिवाय पंधरा दिवसांपूर्वीचे आपोआप पुसावे, असे पेटीला सांगून ठेवावे. जुनी चित्रे साठवून काही पुण्य लागत नाही. त्याचे दुसरेही कारण आहे, ते पुढे येईल.

वीज गेली की हा राखणदार झोपतो, हे मी आपल्याला सांगायला नको. कॅमेरा, पेटी आणि राऊटर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत. एक जरी सुटले तरी सोनसाखळीतली कडी तुटल्यासारखे आहे.

आता कुलपाविषयी. कॅमेरा आणि पेटी या दोहोंचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका दुष्ट कार्यक्रमाने जगभरचे लक्षावधी कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. कसे? तर कारखान्याचे ठरीव पासवर्ड एकामागून एक लावून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. घरमालकांना पत्ताही नव्हता की आपल्या दारावरचा पहारेकरी दुसऱ्याची चाकरी करतो आहे! तसेच बाहेरगावाहून चित्र दिसावे म्हणून राऊटरमध्ये सताड भोक पाडून ठेवू नये. मुलाने आमच्याकडे व्हीपीएन लावून दिले आहे. म्हणजे मागच्या दाराची किल्ली फक्त आपल्या माणसांच्या हाती. आणि पेटीचा कार्यक्रम वेळोवेळी अद्ययावत करावा.

येथपर्यंत सांगून मी खाली बसले असते तर चिटणीसबाईंचे समाधान झाले असते. पण भगिनींनो, खरी गोष्ट यापुढेच आहे. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण चूक माझी आहे.

आमच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांचा ओटा आहे. शेजारची सून संध्याकाळी तान्हे घेऊन तेथे बसे, केस विंचरी, मला हाक मारून दोन शब्द बोले. कॅमेरा लावल्यानंतर ती दिसेनाशी झाली. मला वाटले, बाळाला बरे नसेल. मग वाटले, माझे काही चुकले असेल, रागावली असेल. पंधरा दिवसांनी मीच तिच्या दारी गेले. ती चहा ठेवता ठेवता खाली मान घालून म्हणाली, "काकू, तुमच्या खिडकीतला तो डोळा आमच्या ओट्याकडेच पाहतो ना? बाळाला पाजायला मी आतच बसते आता."

मी घरी येऊन पेटी उघडली. पहिल्या आठवड्यातल्या चित्रफिती अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. त्यांत ती होती. बाळाला थोपटताना होती, पदर सावरताना होती, तिच्या सासूशी बोलताना होती. तिचा हात हलला की यंत्राला चोर आल्यासारखे वाटे आणि ते प्रामाणिकपणे टिपून घेई. आणि सूचना माझ्या एकटीच्या नव्हे, माझ्या मुलाच्याही मोबाईलवर जात होत्या. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. तरीही मला घाम फुटला. त्या साऱ्या फिती मी तिच्या समोर बसून पुसल्या.

मग मी ओट्याचा भाग वजाबाकीतून वगळला, निंबाच्या फांदीचा वगळला होता तसा. समाधानाने झोपले. दोन दिवसांनी मांजर अंगणातून गेले त्याची फीत पाहते, तर मागे ओटा स्वच्छ दिसतोच आहे! तेव्हा कळले की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'येथली हालचाल मोजू नको' असे सांगितले म्हणजे 'येथले पाहू नको' असे होत नाही. दुसऱ्या कशाने चित्रण सुरू झाले की तोही भाग टिपला जातो. तो खरोखर काळा करायचा तर प्रायव्हसी मास्क निराळा लावावा लागतो. पुष्कळ घरी ही चूक नकळत होत असेल, म्हणून मुद्दाम सांगते.

मुलाने तो मास्कही लावला. मी उत्साहाने शेजारणीला सांगितले, "आता तुझा ओटा काळा झाला." ती हसली. पण ओट्यावर काही आली नाही. पुष्कळ विचार केल्यावर मला उमगले. माझ्या पेटीत काळे झाले ते तिला कोठून दिसणार? तिला दिसते ते एवढेच, की भिंग आपल्याकडे वळलेले आहे. शेवटी मी स्टूल घेऊन कॅमेराच खाली वळवला, माझ्या फाटकापुरता, आणि त्याच्या ओट्याकडच्या अंगाला पुठ्ठ्याची एक पट्टी लावली, तिला तिच्या दारातून दिसेल अशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर अंगाईचा सूर ऐकू आला.

घरातही तसेच झाले. सासूबाई पंच्याऐंशीच्या. पडल्या तर कळावे म्हणून त्यांच्या खोलीत दुसरा कॅमेरा लावायचे आम्ही ठरवले, त्यांना न विचारता. त्यांनी दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर कॅमेऱ्यावर लुगड्याचा बोळा! मी विचारले तर म्हणाल्या, "माही काळजी करतं हे समजते मले. पण माह्या खोलीत मले लुगडं त बदलू दे वो माय." मी निरुत्तर झाले. कॅमेरा काढला, उशाशी हाक मारण्याची घंटी ठेवली, आणि रात्री त्यांच्या खोलीत एकीने निजायचे ठरवले. यंत्राने आमचे एक काम वाचले असते. पण ते काम आमचेच होते.

आता पुन्हा रानातल्या डबीकडे येते. २०२४ साली केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत चौदा महिने राहून त्यांनी दोनशे सत्तर माणसांशी बोलणी केली. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचास गेलेल्या एका स्त्रीचे चित्र टिपले गेले आणि ते गावात मोबाईलवरून फिरले. चिडलेल्या लोकांनी जवळपासचे कॅमेरे फोडले. आणखी एक गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा आला. तेथल्या बायका लाकूडफाट्याला जाताना मोठ्याने बोलत, गाणी म्हणत. त्या आवाजाने जनावर दूर राहते. कॅमेऱ्याच्या धास्तीने त्यांचा आवाज दबला आणि कॅमेरे चुकवण्यासाठी त्या अधिक आत, अनोळखी रानात जाऊ लागल्या. म्हणजे ज्या डोळ्याने वाघ राखायचा, त्यानेच बाईला वाघाच्या तोंडाशी ढकलावे! आपल्याकडेही जळण-चाऱ्यासाठी रानात जाणाऱ्या बहिणी आहेत. त्यांचे हे दुःख आपल्याला समजायला भाषांतर लागत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. खाजगी अवस्थेतील स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद सांगितली आहे. पण शेजारधर्म कायद्याच्या आधी येतो. माझी शेजारीण पोलिसांत गेली नाही, ती फक्त ओट्यावरून उठून गेली. कायद्याच्या पुस्तकात त्या रिकाम्या ओट्याची नोंद होत नाही. ती आपणच घ्यायची असते.

म्हणून कॅमेरा लावू नका, असे मी म्हणणार नाही. आमचा कापूस या हंगामात सुखरूप विकला गेला, आणि रात्री मला झोप लागते. लावा, पण तीन गोष्टी करून लावा. पहिली, जो जो त्या चित्रात येणार त्याला आधी विचारा. सासूला, सुनेला, घरी कामाला येणाऱ्या बाईला आणि शेजाऱ्यालाही. दुसरी, भिंग आपल्या उंबरठ्यापुरते ठेवा, आणि ते तसे आहे हे बाहेरच्याला डोळ्यांनी दिसू द्या. तिसरी, चित्रे आपल्या पेटीत, आपल्या कुलपात ठेवा, आणि काम झाले की पुसा. साठवलेले कधीतरी फुटतेच.

आपल्या मंडळाच्या सभागृहातही कॅमेरा बसवावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. तो कपाटाच्या आणि फाटकाच्या तोंडाशी असावा. ज्या खोलीत आपण बसतो, हसतो, क्वचित डोळे पुसतो, तेथे तो नसावा, असे मला वाटते. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. या एका खोलीत तरी आपल्याकडे कोणी पाहत नाही, म्हणूनच आपण इतकी वर्षे येथे येत आलो.

मुक्या राखणदाराला मन नसते. कोठे पाहायचे नाही, हे त्याला शिकवण्याचे काम आपल्याकडेच राहते.